गोल्फचा क्लब ‘सोडायचा’ म्हणजे नेमकं काय?

चेंडू उजवीकडे वळत जातो, अंतर मिळत नाही आणि फटका मारून झाल्यावर डावं कोपर वाकून बाहेर येतं. या तक्रारी घेऊन आमच्याकडे येणारे बरेच गोल्फ खेळणारे नवा ड्रायव्हर (सगळ्यांत लांब फटक्याचा क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी) बघायला आलेले असतात. आम्ही क्लब विकतोही, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणं आहे. पण यांतल्या अनेकांना नवा ड्रायव्हर लागत नाही. हातातला क्लब नीट रिलीज झाला तरी पुरतं.

(पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.)

‘रिलीज’ म्हणजे सोडणं, या शब्दाने घोटाळा होतो. क्लब हातातून सोडायचा नसतो. तसं झालं तर शेजारी उभा असलेला माणूस तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे-वर नेताना, मनगटं मुडपून हात आणि शाफ्ट (क्लबचा दांडा) यांच्यात कोन तयार होतो. खाली येताना तो उलगडतो. त्याच वेळी कोपरापासून मनगटापर्यंतचे दोन्ही हात फिरतात आणि चेंडू गेल्यावर उजवा हात डाव्यावर येऊ लागतो. वर जाताना उघडलेला, म्हणजे उजवीकडे वळलेला, फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) त्यामुळे चेंडूपाशी सरळ होतो आणि पुढे मिटत, म्हणजे डावीकडे वळत, जातो. या दोन हालचाली मिळून रिलीज.

गोफण आठवा. दगडाला वेग यावा म्हणून हात दगडाच्या वेगाने पळत नाही. हात आपली फेरी घेतो, दगड बाहेर खेचला जातो आणि हाताला मागे टाकून निघून जातो. चांगल्या खेळाडूच्या स्विंगमध्येही चेंडूच्या आधी हातांचा वेग कमी होत असतो आणि क्लबहेड (क्लबचं डोकं) त्यांना गाठत असतं. हात जोरात पुढे ढकलत राहिलात, तर क्लबहेड मागेच राहतं, फेस उघडा राहतो आणि स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा फटका, बसतो.

फेसला एवढं महत्त्व का, तर चेंडू कोणत्या दिशेला निघणार हे मुख्यतः तोच ठरवतो. ड्रायव्हरच्या बाबतीत त्याचा वाटा ८५ टक्क्यांच्या आसपास धरतात, आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) बाबतीत ७५ च्या. आणि वेळ किती मिळतो? डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूपर्यंत आणणं, साधारण पाव सेकंदाचा. चेंडू फेसला टेकलेला असतो तो जेमतेम ०.०००५ सेकंद. ‘आता मनगट फिरवू’ असा विचार मनात येईपर्यंत चेंडू गेलेला असतो. म्हणून रिलीज चेंडूपाशी करायला जाऊ नका. तो आधी हळू स्विंगमध्ये अंगवळणी पाडावा लागतो.

उलटी चूकही होते. वरूनच हातांनी मारायची घाई झाली की कोन लवकर उघडतो, वेग चेंडूच्या आधीच खर्च होतो आणि क्लब जमिनीत रुततो. काही जण चेंडू ‘उचलायला’ मनगट पालथं घालतात. त्याची गरज नसते. सात नंबरच्या आयर्नचा फेस मुळातच ३० अंशांच्या आसपास कललेला असतो. उचलायचं काम त्याचं.

सरावात आम्ही सगळ्यांत आधी देतो तो आवाजाचा. ड्रायव्हर उलटा धरा, म्हणजे क्लबहेडच्या जवळ शाफ्टला पकडा आणि चेंडूशिवाय स्विंग करा. ‘सप्’ आवाज कुठे येतो ते ऐका. उजव्या कानापाशी आला तर क्लब लवकर सुटतोय. चेंडू ठेवायच्या जागेपाशी किंवा किंचित पुढे यायला हवा. हा सराव घरीही करता येतो, छत आणि दिवे बघून. आवाज पुढे सरकेपर्यंत चेंडूला हात लावू नका, असं आम्ही सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

मग दोन हातांमध्ये चार बोटांची जागा सोडून क्लब धरा आणि कमरेपासून कमरेपर्यंतच हळू स्विंग करा. उजवा हात डाव्यावरून कसा जातो ते इथे आपोआप जाणवतं. दोन्ही टोकांना क्लबहेडचं नाक (शाफ्टपासून लांबचं टोक) आकाशाकडे असलं पाहिजे. शरीर मात्र वळत राहू द्या. कंबर थांबली की हात एकटेच उलटतात आणि हुक, म्हणजे डावीकडे वळणारा फटका, बसतो. पण आजवर स्लाइस मारणाऱ्याला पहिल्यांदा हुक बसला, तर आम्हाला आनंदच होतो: फेस मिटायला लागला म्हणायचा.

पकड घट्ट असेल तर यातलं काहीच होणार नाही. खाली बघितल्यावर डाव्या हाताच्या बोटांच्या दोन-तीन गाठी दिसाव्यात आणि कोपरापर्यंत ताण नसावा. ग्रिप (क्लबची मूठ) गुळगुळीत झाली असेल तर माणूस नकळत आवळून धरतो. ती बदलणं नव्या क्लबपेक्षा फार स्वस्त पडतं. हाताच्या मानाने फार जाड किंवा फार बारीक ग्रिपही काही जणांना नडते, पण ती हातात घेऊनच कळते.

तपासणीला येताना सात नंबरचा आयर्न, ड्रायव्हर आणि तुमचा नेहमीचा जुना हातमोजा घेऊन या. नवा नको. तळव्याच्या टाचेकडे भोक पडलंय की अंगठ्यापाशी, यावरून क्लब हातात कुठे सरकतो ते आम्हाला एकही फटका न मारता कळतं.