पॅराबेन व स्तनाच्या कर्कपेशी

पॅराबेन : पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक अम्लाची एस्टरे (अम्ल व अल्कोहॉल यांच्या संयोगाने बनणारी संयुगे). प्रसाधने, औषधे व काही खाद्यपदार्थ यांत बुरशी आणि जीवाणू वाढू नयेत म्हणून साधारण १९२०–३० च्या सुमारास ती वापरात आली. मेथिल, एथिल, प्रोपिल व ब्युटिल ही नेहमीची रूपे होत.

त्यांची क्रिया स्त्रीमदजनासारखी (इस्ट्रोजेनसारखी) असते, हे १९९८ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी यीस्ट पेशी व उंदीर यांवरील प्रयोगांतून दाखवले. अल्किल शृंखला (रेणूला जोडलेली कार्बन अणूंची साखळी; मेथिलमध्ये ती आखूड, ब्युटिलमध्ये लांब) लांबते तशी ही क्रिया वाढते. तरीही ब्युटिलपॅराबेन इस्ट्रॅडायॉल या शरीरातील मुख्य स्त्रीमदजनापेक्षा सुमारे १०,००० पट दुर्बळ ठरले. मानवी पेशींवरचे बरेचसे काम एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्कपेशींच्या पेशीवंशावर (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणाऱ्या पेशींवर) झाले आहे. अमेरिकेत डेट्रॉइट येथे एका ख्रिस्ती संन्यासिनीच्या फुप्फुसावरणातील द्रवापासून तो मिळवला गेला आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. या पेशींत स्त्रीमदजन-ग्राही (स्त्रीमदजन ज्यांना चिकटते ती प्रथिने) असतात. पॅराबेन त्यांना चिकटते व पेशींची वाढ होते. याबद्दल आता फारसा वाद नाही.

वाद आहे तो २००४ च्या निष्कर्षाबद्दल. रीडिंग विद्यापीठातील फिलिपा डार्ब्रे व सहकाऱ्यांना स्तनाच्या २० अर्बुदांत (गाठींत) पॅराबेन आढळले. सरासरी प्रमाण ग्रॅममागे २०.६ नॅनोग्रॅम, त्यात मेथिलपॅराबेन सर्वाधिक. एस्टरे अखंड असल्याने ती त्वचेतून, म्हणजे काखेत लावायच्या प्रसाधनांसारख्या पदार्थांतून, आली असावीत, असा तर्क मांडला गेला, कारण पोटात गेलेल्या पॅराबेनचे यकृतात बहुतांशी विघटन होते. मात्र तुलनेसाठी निरोगी ऊतक घेतलेले नव्हते आणि कोऱ्या (ऊतक नसलेल्या, पडताळणीसाठीच्या) नमुन्यांतही पॅराबेनचे अंश मिळाले. २०१२ मध्ये ४० स्त्रियांच्या १६० नमुन्यांपैकी १५८ नमुन्यांत पॅराबेन सापडले. त्यांतील सात जणींनी काखेत प्रसाधन कधीच वापरले नव्हते. त्यामुळे केवळ काखेतील प्रसाधनांना दोष देणारे मत टिकत नाही. शिवाय ऊतकात पदार्थ सापडणे म्हणजे त्याने रोग झाला असे नव्हे. प्रस्तुत नोंदीत हीच भूमिका ग्राह्य धरली आहे.

तरीही ‘दुर्बळ म्हणून निरुपद्रवी’ हा पॅराबेनबद्दलचा निर्वाळा घाईचा वाटतो. पदार्थ एकेकटा तपासूनच तो दिला गेला होता. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी बीटी-४७४ या स्तनाच्या कर्कपेशींना हेरेग्युलिन हा वृद्धिघटक सोबत दिला, तेव्हा पेशींच्या वाढीला पॅराबेनची बरीच कमी मात्राही पुरली. शरीरात पेशीभोवती असे घटक असतातच.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फेनिल, बेंझिल व पेंटिल पॅराबेनवर प्रसाधनांत बंदी घातली. प्रोपिल व ब्युटिलची एकत्रित मर्यादा अम्लरूपात (एस्टराऐवजी मूळ अम्लाचे वजन धरून) ०.१४ टक्के ठेवली. डेन्मार्कने २०११ मध्येच तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या प्रसाधनांत ही दोन्ही वर्ज्य केली होती. पॅराबेनऐवजी आलेल्या मेथिलआयसोथायाझोलिनोन या परिरक्षकाने मात्र त्वचेच्या अॅलर्जीची साथच आणली आणि अंगावर ठेवायच्या (धुऊन न टाकायच्या) प्रसाधनांत त्यावरही युरोपात बंदी घालावी लागली.