अवयव प्रत्यारोपण : दाता व ग्राही यांचे लिंग

दाता व ग्राही (अवयव स्वीकारणारा रुग्ण) यांच्या जैविक लिंगाचा रोपित अवयवाच्या टिकावावर आणि ग्राहीच्या आयुर्मानावर होणारा संभाव्य परिणाम. रक्तगट व एचएलए (पेशींवरील, आपले-परके ओळखण्यास उपयोगी पडणारे रेणू) यांच्या सुसंगतीच्या तुलनेत तो लहान असून अवयवागणिक व वयोगटानुसार बदलतो. कारणे दोन प्रकारची मानतात : प्रतिकारक्षमतेशी निगडित आणि आकारमानाशी निगडित.

पहिल्या प्रकारात सर्वाधिक अभ्यास एच-वाय या, नराच्या पेशींवर आढळणाऱ्या प्रतिजनाचा (प्रतिकारयंत्रणेला चेतवणाऱ्या घटकाचा) झाला. १९५५ मध्ये आयख्वाल्ड व सिल्मसर यांनी एकाच अंतःप्रजनित (जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारख्या) वाणाच्या उंदरांवर त्वचारोपणाचे प्रयोग केले, तेव्हा नराची त्वचा माद्यांनी नाकारली. मादीची त्वचा नरांवर मात्र टिकली. वाण एकच असल्याने फरकाचे मूळ वाय गुणसूत्रात असणार, हे उघड होते. १९७० च्या दशकात हाच प्रतिजन वृषणनिर्मिती घडवून आणतो, असे मत पुढे आले. १९८४ मध्ये मॅक्लारेन व सहकाऱ्यांनी एच-वाय नसतानाही वृषण असलेले उंदीर दाखवून दिल्यावर ते मागे पडले आणि १९९० मध्ये वृषणनिर्मिती सुरू करणारे एसआरवाय जनुक सापडल्यावर प्रश्न निकालात निघाला. प्रत्यारोपणाशी या वादाचा थेट संबंध नाही. पण जुन्या लिखाणात दोन्ही कल्पना मिसळलेल्या असल्याने ते वाचताना सावध राहावे लागते. आता एच-वाय हा एकच प्रतिजन मानत नाहीत. केडीएम५डी (जुने नाव एसएमसीवाय), यूटीवाय, डीडीएक्स३वाय इ. वाय-जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर मांडले जातात आणि स्त्रीच्या टी-पेशींना (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) ते परके वाटतात. मानवातील असा पहिला तुकडा १९९५ मध्ये ओळखला गेला.

त्याआधीच, १९७६ च्या सुमारास, एचएलए जुळणाऱ्या भावाची अस्थिमज्जा नाकारणाऱ्या एका स्त्रीरुग्णात एच-वायविरोधी टी-पेशी आढळल्या होत्या. मज्जारोपणात उलट दिशाही महत्त्वाची ठरते. स्त्रीची मज्जा पुरुषाला दिल्यास दात्याच्या पेशी ग्राहीच्या ऊतकांवर हल्ला करण्याचा (रोप-विरुद्ध-ग्राही विकार) धोका वाढतो. विशेषतः दात्रीला पूर्वी गर्भधारणा झाली असल्यास. मात्र याच हल्ल्यामुळे रक्ताचा कर्करोग उलटण्याचे प्रमाण घटते.

मूत्रपिंडाच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. ग्राटवोल व सहकाऱ्यांनी १९८५ ते २००४ मधील सुमारे दोन लाख रोपणांची माहिती तपासली (२००८). पुरुषाचे मूत्रपिंड मिळालेल्या स्त्रियांत ते निकामी होण्याचा धोका थोडा जास्त आढळला. वाढ दहा टक्क्यांच्या आतली होती. दुसरीकडे, स्त्रीचे मूत्रपिंड पुरुषाला दिल्यास ते कमी टिकते, असे अनेक नोंदसंचांत दिसते. स्त्रीचे मूत्रपिंड सरासरीने लहान असल्याने मोठ्या देहाचा भार त्यातील मोजक्या नेफ्रॉनांवर (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांवर) पडतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. ते पटण्याजोगे असले तरी पुरेसे नाही. ग्राहीचे वयही पाहावे लागते : पुरुषाचे मूत्रपिंड मिळालेल्या मुली व तरुण स्त्रियांत रोप गमावण्याचे प्रमाण अधिक, तर उतारवयात स्त्रियांची स्थिती पुरुषांपेक्षा बरी असते. गर्भारपणात गर्भातील पित्याकडील एचएलएविरुद्ध स्त्रीत प्रतिपिंडे तयार होत असल्याने पती किंवा अपत्य दाता असल्यास चाचणी विशेष काटेकोर करतात.

हृदयाबाबत आकारमानाचा पक्ष अधिक बळकट वाटतो. स्त्रीचे हृदय मिळालेल्या पुरुषांत मृत्यूचे प्रमाण जास्त, हे निरीक्षण जुने आहे. पूर्वी दाता निवडताना केवळ वजनाची तुलना करीत. परंतु समान वजनाच्या स्त्री-पुरुषांत स्त्रीचे हृदय लहान असते. २०१४ मध्ये रीड व सहकाऱ्यांनी लिंग, वय, उंची व वजन यांवरून हृदयाचे अपेक्षित वस्तुमान काढले. ते हिशेबात घेतल्यावर लिंगभेदाचा स्वतंत्र परिणाम जवळजवळ उरला नाही.

नेत्रपटलात (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात) आकाराचा प्रश्न येत नाही, म्हणून त्याची माहिती उद्‌बोधक ठरते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात पुरुषाचे नेत्रपटल बसवलेल्या स्त्रियांत नाकारणीचे प्रमाण अधिक होते.

यकृतात स्त्री दाता व पुरुष ग्राही ही जोडी प्रतिकूल ठरते, असे काही अभ्यास सांगतात. दात्याचे वय व मृत्यूचे कारण जमेस धरल्यास हा फरक बराच ओसरतो. यकृताच्या संदर्भात लिंगाचा ठळक परिणाम रोपणाआधीच, प्रतीक्षायादीत दिसतो. यकृताच्या आजाराची तीव्रता मोजून प्रतीक्षायादीतील क्रम ठरवणाऱ्या मेल्ड या गुणांकनातील क्रिएटिनीन (मूत्रपिंडाच्या कार्याचा निदर्शक रक्तघटक) स्नायूंच्या प्रमाणावर अवलंबून असल्याने स्त्रियांचा आजार प्रत्यक्षापेक्षा सौम्य भासे. अमेरिकेत २०२३ पासून लागू झालेल्या मेल्ड ३.० मध्ये त्यांना १.३३ गुण वाढवून दिले जातात.