ठाण्याच्या उकाड्यात मुंग्यांना हीटर कशाला?

पहिला दणकून पाऊस पडला की ठाण्यात, नवी मुंबईत संध्याकाळी दिव्यांभोवती पंखवाल्या कीटकांची झुंबड उडते. त्यातली बहुतेक वाळवी असते. तिचे चारही पंख सारख्या लांबीचे, आणि कंबर जवळपास नसतेच. पण कंबर बारीक, पोट जाडजूड आणि पंख झडलेले, असा एखादा जीव जिन्याच्या कोपऱ्यात बीळ शोधत फिरताना दिसला, तर ती मुंगळ्यांची नवी राणी असू शकते. मुंग्या पाळणारे तिचीच वाट बघत असतात. शोधायची ती सोसायटीच्या आवारात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि तिथून मुंगी उचलणंही वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

या राणीला घर म्हणून लागते फक्त एक टेस्ट ट्यूब. तळाशी एक तृतीयांश पाणी, त्यावर घट्ट कापूस, मग राणी, आणि तोंडाशी पुन्हा कापसाचा बोळा. ट्यूब अंधारात ठेवायची आणि विसरून जायचं. मुंगळ्यांची राणी या काळात काही खात नाही. आता निरुपयोगी झालेले तिचे उडण्याचे स्नायू शरीरातच विरघळतात आणि त्यांवर पहिल्या अळ्या पोसल्या जातात. त्यातून निघणाऱ्या कामकरी मुंग्या अगदी किरकोळ अंगाच्या असतात. पुढे अन्न आणणं, अळ्यांची उस्तवार, सगळं त्यांच्यावर पडतं.

इथपर्यंत सगळं सोपं. घोळ होतो तो उबेच्या बाबतीत. या छंदाचे बहुतेक व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले. तिथे खोल्या आपल्यापेक्षा गार असतात म्हणून लोक हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावतात, नळीखाली तापणारी केबल ओढतात. ते बघून आपल्याकडचा उत्साही पोरगाही मे महिन्यात घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये हीट मॅट मागवतो. माझ्या मते हे पैसे पाण्यात.

ऊब महत्त्वाची आहे, यात वाद नाही. मुंगीचं शरीर स्वतः गरम राहत नाही. भोवतालच्या तापमानावर अंडी, अळी, कोष हा सगळा प्रवास अवलंबून असतो. उबेत जे काम काही आठवड्यांत उरकतं, त्याला गारठ्यात महिने लागतात. अमेरिकेत उपद्रवी ठरलेल्या आगमुंग्यांवर झालेल्या प्रयोगांत वसाहत वाढली ती २४ ते ३६ अंशांच्या दरम्यान, आणि सर्वांत वेगाने ३२ अंशांच्या आसपास. आपल्या बैठकीच्या खोलीत वर्षातले बहुतेक महिने पंख्याखालीही २६ ते ३२ अंश असतात. म्हणजे मुंग्यांना हवी ती ऊब आपण फुकट देतोच आहोत. अपवाद दोनच: जानेवारीतल्या काही पहाटा, आणि रात्रभर चालणारा एसी. ट्यूब बेडरूममधून उचलून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली की दुसरा प्रश्न मिटतो.

त्याहून रंजक गोष्ट अशी, की मुंग्यांना एकच एक तापमान नको असतं. दक्षिण अमेरिकेतल्या, आपल्या मुंगळ्यांच्याच कुळातल्या कॅम्पोनोटस मस या जातीच्या दाई मुंग्या दुपारी आपली पिल्लावळ सुमारे ३०.८ अंशांच्या जागी नेतात आणि रात्री २७.५ अंशांच्या जागी आणतात. आगमुंग्यांमध्ये तर पोटभर खाल्लेली वसाहत उबेकडे सरकते आणि उपाशी वसाहत गारव्याकडे. कारण उघड आहे. उबेत वाढ भराभर होते, पण खर्चही वाढतो आणि कामकरी मुंग्यांचं आयुष्य घटतं. घरात दाणा नसेल तर चूल मंद ठेवलेली बरी, हा हिशेब त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. म्हणून पाळणाऱ्याने अमुकच अंश गाठायच्या मागे लागू नये. मुंग्यांच्या घराची एक बाजू उबदार आणि दुसरी थोडी गार राहील एवढं बघावं. कुठे बसायचं ते मुंग्या ठरवतील.

थंडीत ऊब द्यायचीच असेल तर ती पाण्याच्या टोकाला कधीच देऊ नये. कापसामागे पाण्यासोबत थोडी हवा अडकलेली असते. ती तापली की फुगते आणि पाण्याला कापसातून पुढे ढकलते. सकाळी बघावं तर अंडी पाण्यात. शिवाय पाण्याची वाफ होऊन ट्यूबच्या गार भागावर थेंब साचतात ते वेगळंच. उन्हात तर ट्यूब क्षणभरही ठेवू नये. एवढीशी काच, आत एवढीशी हवा. काही मिनिटांत सगळं संपतं.

अंधारासाठी लाल जिलेटीनचा कागद गुंडाळतात. मुंग्यांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही, उलट अतिनील किरणांपासून त्या आपले कोष उचलून पळवतात, हे इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन लबक यांनी १८८०च्या दशकातच काचेच्या घरट्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं.

नव्या छंदिष्टाची दुसरी घाई मोठ्या घराची. दहा-बारा मुंग्यांना वाडा दिला की त्या एका कोपऱ्यात बसतात, दुसऱ्या कोपऱ्यात उष्टं-खरकटं टाकतात, आणि तिथे बुरशी धरते. ओलावाही सांभाळता येत नाही, आणि पातळ कातडीच्या अळ्या सुकतात. पंचवीस-तीस कामकरी होईपर्यंत ट्यूबच बरी. पुढे तिचं तोंड एका छोट्या डब्यात उघडं ठेवायचं. तिथे साखरपाण्याचा थेंब आणि मेलेलं झुरळ (फवारा मारलेलं नव्हे) ठेवलं की झालं.

त्यानंतरचं घरटं पीओपीचं ओतता येतं. फ्रान्समध्ये शार्ल जाने यांनी प्लास्टरची घरटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच वापरली होती. पण मला गवंडी ज्याला सिपोरेक्स म्हणतात तो हलका सच्छिद्र ब्लॉक जास्त आवडतो. बांधकामाच्या साइटवर तुकडे पडलेले असतात, स्क्रू ड्रायव्हरने कोरता येतात, आणि एका टोकाला पाणी घातलं की ओल हळूहळू दुसरीकडे पसरते. अळ्या ओलसर भागात, कोष कोरड्या भागात, अशी वाटणी मुंग्या स्वतःच करतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हे पाणीही हात आखडून घालावं. हवाच एवढी दमट असते की मुंग्यांनी बाहेर चढू नये म्हणून डब्याच्या कडेला लावलेली टाल्कम पावडर ओलसर होऊन निसटते, आणि मग मुंगळे थेट साखरेच्या डब्याचा रस्ता धरतात.