चकवा लागलेल्या माणसाचा शोध

रानात वाट चुकून माणूस तासभर चालतो आणि पुन्हा त्याच मोहाच्या झाडाखाली येतो, की आपल्याकडे म्हणतात, ‘त्याले चकवा लागला.’ चकव्यामागे काय आहे यावर गावोगावी गोष्टी आहेत. गोल फिरणं मात्र खरंच घडतं, आणि ते मोजलंही गेलंय.

जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना जंगलात, काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडलं आणि नाकासमोर चालत राहायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी मात्र जंगलातली माणसं गोल गोल फिरली. आपलीच वाट ओलांडली तरी त्यांना पत्ता नव्हता. डोळे बांधल्यावर तर काहींचं वर्तुळ २० मीटर व्यासाइतकं लहान झालं. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हे कारण तपासात टिकलं नाही. बाहेरची खूण हरवली की ‘सरळ कुठे’ या मेंदूच्या अंदाजात पावलागणिक बारीक चूक साठत जाते.

म्हणून श्रावणातल्या भरल्या आभाळाखाली मेळघाटात एखादा गुराखी परतला नाही, तर तो फार लांब गेलाच असेल असं धरू नये. पण वेळही दवडू नये. ताशी ३ किलोमीटर चालणारा माणूस एका तासात २८ चौरस किलोमीटरच्या वर्तुळात कुठेही असू शकतो. दोन तासांत ते वर्तुळ ११३ चौरस किलोमीटरचं होतं. ११२ ला फोन करायला आणि वनरक्षकाला कळवायला संध्याकाळची वाट पाहायची नाही, ती यासाठी. आणि पहिला प्रश्न एकच: शेवटचा कुणी पाहिला, कुठे? त्या जागेवर गर्दी करून पावलांचे ठसे तुडवू नयेत.

शोधाचं गणित दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या हुडकताना तयार झालं. बर्नार्ड कूपमन या अमेरिकी गणितज्ञाचा त्यात मोठा वाटा. ते आपल्या नाल्यांनाही लागू पडतं. समजा, माणूस पहिल्या नाल्यात असण्याची शक्यता ६० टक्के, दुसऱ्यात ४०. पहिला नाला धुंडाळला, पण गवत एवढं दाट की तिथे पडलेला माणूस दिसण्याची शक्यता निम्मीच. कुणी सापडलं नाही. म्हणून पहिला नाला बाद होत नाही; त्याचे ६० चे निम्मे, ३० उरतात, दुसऱ्याचे ४० तसेच. या ७० मधले ३० म्हणजे ४३ टक्के, म्हणून हिशेब ४३ विरुद्ध ५७ असा फिरतो. आता दुसऱ्या नाल्यात उतरायचं, पण पहिल्याकडे परत यायची तयारी ठेवून. ‘तिथं पाहून झालं’ या एका वाक्यानं शोध चुकतात, असं मला फार वाटतं. कोणी, किती वाजता, किती दाट रानात पाहिलं, हे वहीत लिहिलंच पाहिजे.

हे रान ज्यांच्या पायाखालचं आहे, ते कोरकू गुराखी आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाया कुठला पाणवठा अजून आटला नाही हे सांगतात, आणि उन्हाळ्यात शोध तिथूनच सुरू व्हायला हवा. रात्री मात्र एकट्यानं उतरायचं नाही; हे वाघाचं रान आहे.

हाक मारायला पहाट उत्तम. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असल्यानं आवाज वर वळून विरतो. पहाटे खालची हवा गार असते, तेव्हा तो खालीच वाकत दूर पोचतो. हाक मारून झाली की दोन मिनिटं सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, पाचोळासुद्धा वाजू द्यायचा नाही. थकलेल्या माणसाची ‘ओ’ फार बारीक असते.