डिंक की राळ? रानात अडकल्यावर कामाला येणारा फरक

झाडाच्या खोडावर जखमेपाशी पिवळसर, तांबूस, काचेसारखा थेंब वाळलेला दिसला की बहुतेक जण तो डिंक समजून पुढे जातात. एरवी त्याने काही बिघडत नाही. रानात अडकलं की बिघडतं. अशा दोन थेंबांतला एक ओल्या सरपणालाही पेट घ्यायला लावतो आणि दुसरा आगीत नुसता करपतो. एक पाण्यात विरघळून जातो, तर दुसरा गळकं भांडं बुजवतो. दिसायला दोन्ही इतके सारखे असतात की नुसत्या नजरेवर विसंबण्यात अर्थ नाही.

डिंक हा साखरेच्या घराण्यातला पदार्थ आहे. शर्करेच्या लांबलचक साखळ्यांचा तो बनलेला असतो. बाभूळ, खैर, धावडा यांच्या खोडांवर तो सापडतो, तसाच चेरी, पीच, जर्दाळू यांच्याही. राळ टर्पीन नावाच्या संयुगांची असते आणि पाण्याशी तिचं जमत नाही. पाइन, स्प्रूस यांसारखे सूचिपर्णी वृक्ष आणि उष्ण प्रदेशातला सालवृक्ष ही तिची ओळखीची झाडं. पाइनच्या लाकडात तर राळेसाठी वेगळ्या नळ्याच असतात. किड्याने खोड पोखरलं की तिथे राळ धावून येते आणि भोक बुजवते, कधी किड्यासकट. अंबरात अडकलेले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे कीटक असेच मेले. अंबर म्हणजे जुनी, दगड झालेली राळच.

आता पारख. वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाका आणि तासाभराने बघा. डिंक बुळबुळीत होऊन विरघळायला लागलेला असेल, किंवा कांडोळाच्या डिंकासारखा फुगून त्याचा लगदा झालेला असेल. राळ जशीच्या तशी राहते. तेवढा वेळ नसेल तर सुरीच्या टोकावर तुकडा घेऊन निखाऱ्याजवळ धरा. राळ मऊ पडते, ओघळते, भडकते आणि काळाकुट्ट धूर सोडते. डिंक फुगतो, काळा पडतो, पण वितळत नाही. ताज्या राळेला टर्पेंटाइनसारखा वास असतो, डिंकाला जवळजवळ नसतोच. आणखी एक खूण पावसाची: जोराच्या पावसाने खोडावरचा डिंक धुऊन जातो, राळेचे ओघळ मात्र वर्षानुवर्षं तसेच चिकटून राहतात.

माझं मत विचाराल तर रानात राळेचा उपयोग डिंकापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि त्यातला निम्मा एकट्या आगीसाठी. ओघळ गोळा करण्यापेक्षा मेलेल्या पाइनचा जुना बुंधा शोधावा. बाहेरचं लाकूड कुजून भुसभुशीत झालं तरी राळेने भरलेला गाभा शाबूत राहतो. फांदी खोडाला मिळते ती जागाही अशीच. हे लाकूड आकाराच्या मानाने जड, नारिंगी झाक असलेलं, चिकट आणि टर्पेंटाइनच्या वासाचं असतं. सुरीच्या पाठीने खरवडून त्याचा बारीक भुसा काढला की फेरो रॉडची (घासली की ठिणग्या सोडणाऱ्या धातूच्या कांडीची) ठिणगीही त्याला पुरते. वरून भिजलं असलं तरी पुसून, सोलून घेतलं की पेटतं, कारण राळेमुळे पाणी आत फारसं शिरलेलं नसतं. मात्र चूल पेटवण्यापुरतंच ते वापरावं. त्याच आगीवर काही भाजलं तर काजळी आणि टर्पेंटाइनची चव सोबत येते.

दुसरा मोठा उपयोग चिकटवण्याचा. डिंकानेही चिकटतं, आणि कोरड्या जागी चांगलं चिकटतं. दव पडलं की सुटतं. राळ पाण्याला दाद देत नाही, पण एकटी राळ थंड झाल्यावर ठिसूळ होते आणि ठोका बसला की तडकते. म्हणून तिच्यात कोळशाची बारीक पूड आणि थोडी चरबी मिसळतात. उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी भूर्जाच्या सालीच्या होड्यांचे सांधे अशाच मिश्रणाने बुजवत. राळ स्प्रूसची असे. शुद्ध केलेली पाइनची राळ साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे ती निखाऱ्यांच्या कडेला हळूहळू वितळवावी. उकळू दिली तर आधी उडून जाणारं तेल निघून जातं आणि उरलेली राळ अधिकच ठिसूळ होते. शिवाय ती वाफ पेट घेते. तसं झालंच तर पाणी ओतू नये. झाकण किंवा माती टाकावी, उकळत्या तेलाला जो नियम तोच इथे.

(१९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेल्या, ओट्झी नावाच्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या बर्फात गोठलेल्या माणसाच्या बाणांवरही काळा चिकट लेप होता. पण ती राळ नव्हे. भूर्जाची साल हवेविना तापवून काढलेलं ते डांबर होतं.)

खाण्याच्या बाबतीत पारडं डिंकाकडे झुकतं, पण फार नाही. डिंकाच्या साखळ्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्या आंबवतात आणि त्यातून साखरेच्या जेमतेम निम्मी ऊर्जा मिळते. आफ्रिकेतली बुशबेबी नावाची छोटी माकडासारखी जनावरं बाभळीच्या जातीच्या झाडांच्या डिंकावर हंगामच्या हंगाम काढतात. माणसाचं पोट तेवढं तयार नसतं. त्यात डिंक पाणी शोषतो, आणि पाण्याचीच टंचाई असेल तर तो फायद्यापेक्षा त्रासच. ‘पाण्यात विरघळतो म्हणजे खाता येतो’ हा निष्कर्षही चुकीचा. झाडाची नक्की ओळख असेल तरच तोंडात घालावा. राळ तर गिळूच नये. जखमेवर ती लावण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, पण घाणेरडी जखम राळेने बंद केली तर घाण आतच कोंडली जाते, आणि पुष्कळांच्या त्वचेला पाइनच्या राळेचं वावडं असतं.

सालई आणि गुग्गुळ या नियमात बसत नाहीत. त्यांच्यात डिंक आणि राळ दोन्ही मिसळलेले असतात, म्हणून पाण्यात घोटलं की दुधासारखं पांढरं पाणी होतं आणि आगीत टाकलं की जळतंही.

हातांचं म्हणाल तर डिंक पाण्याने जातो. राळ पाण्याने चोळाल तितकी पसरते. आधी तेल किंवा चरबी चोळायची, मग राखेने धुवायचं.

या दोघांत चीक मात्र धरू नका. खोड कापताच पांढरा, दुधट चीक गळाला तर तो डोळ्यांपासून लांब ठेवा. शेराच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होते. बिब्ब्याच्या कुळातल्या काही झाडांचा रस हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो. अशा झाडाचं लाकूड चुलीतही घालू नये, कारण त्याचा धूर श्वासावाटे आत गेला तर फुप्फुसांना इजा होऊ शकते.