गळक्या पत्र्याला पीयू फोम की पीयू सीलंट?

पहिला पाऊस झाला की हे ठरलेलंच. गोठ्यात थेंब पडायला लागले, दुकानातून फोमचा डबा आणला, पत्र्यावर चढून दिसेल त्या भोकात मारला. चार दिवस गळती थांबते, म्हणून शेजारीही तेच करतो. फोम पोकळी भरण्यासाठी असतो. पाणी अडवायचं काम सीलंटचं.

दोन्हींवर ‘पीयू’ म्हणजे पॉलियुरेथेन लिहिलेलं असतं, घोळ तिथूनच होतो. एक डब्यातून फुगत येतो, दुसरं गनमधून पेस्टसारखं निघतं. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

खरी गोम फोम वाळल्यानंतर कळते. हवेतल्या ओलाव्याने तो फुगून घट्ट होतो आणि वर गुळगुळीत साय धरतो. मग तो बाहेर आलेला फुगा ओबडधोबड दिसतो म्हणून आपण ब्लेडने कापतो. कापलेला तुकडा हातात घेऊन बघा, पावासारखी जाळी दिसेल. साय गेली की त्या भोकांत पाणी शिरतं आणि पत्र्याला लागून तसंच राहतं. उन्हाने फोम आधी पिवळा, मग तपकिरी पडतो; बोट घासलं तर भुकटी हाताला येते. त्यात पत्रा कधी स्थिर नसतो. २० फुटी लोखंडी पत्रा तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिलिमीटर लांबतो. फोम ताठ असल्यामुळे कडेने सुटतो, बारीक चीर पडते, पाणी तिच्यातून आत जातं आणि वाळायला वाव नसल्याने खाली पत्रा गंजत राहतो. वरून मात्र भोक बुजल्यासारखंच दिसतं. सीलंट रबरासारखं पत्र्याबरोबर ताणतं आणि आखडतं, म्हणून टिकतं.

पण सीलंटची गनसुद्धा लगेच उचलू नका. आधी स्क्रू तपासा. बहुतेक वेळा रबरी वायसर उन्हाने तडकलेला असतो. स्क्रू काढून ईपीडीएम म्हणजे ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराचा नवा वायसर घाला, भोक सैल झालं असेल तर आधीच्याहून एक साइज जाड स्क्रू बसवा. पत्र्यावर पत्रा चढतो त्या जोडात ब्युटाइल टेप म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी घाला. आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्याला कधीही लावू नका, त्यातलं आम्ल जस्त खातं.

फोमची योग्य जागा म्हणजे भिंत आणि पत्र्याच्या पन्हळींमधली सावलीतली फट. गोदामात तिथे जरूर मारा. गोठ्यात मी मारत नाही. फोम पेट घेतो, आणि खाली कडबा रचलेला असतो. शिवाय त्याच फटीतून गोमूत्राचा अमोनिया बाहेर जातो.

थंडीच्या पहाटे, आभाळ कोरडं असताना थेंब पडत असतील तर पत्रा गळत नाही. गुरांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते. तिथे फोमही नको, सीलंटही नको. आढ्याजवळ हवा जायला वाट करून द्या.