दहा रुपये दिले की लेकरू कामाला लागतं?

‘हातावर दहा रुपये टेकवा, लेकरू पळत काम करतंय,’ असं आमच्या लातूर-परभणीकडं सर्रास सांगतात. पळतंय खरं, पण रुपये आहेत तोवरच. वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी 20 महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग 2008 मध्ये छापून आला. पडलेली वस्तू उचलून दिल्याबद्दल बक्षीस मिळालेली बाळं, बक्षीस थांबल्यावर मदतीला कमी धावली. नुसतं कौतुक झालेली किंवा काहीच न मिळालेली मात्र धावतच राहिली.

म्हणून बक्षिसापेक्षा गंमत कामातच शोधावी लागते. आठ दिवसांनी नळ आला की घागर कितव्या तांब्याला भरते, याची पैज लावा. भुईमुगाच्या शेंगा फोडताना तीन दाण्यांची शेंग ज्याला सापडेल, त्यानं ती खायची. (अर्ध्या शेंगा पोटात जातात, ते धरूनच चालायचं.)